तसबिरीमागचे बिऱ्हाडकरू

थंडी पडू लागली की घरात कोळी जास्त दिसतात, असे महाराष्ट्रात सगळीकडे ऐकू येते. हे निरीक्षण बरोबर आहे. त्यामागचे कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचे सांगितले जाते. बाहेर गारठा वाढला म्हणून कोळी उबेसाठी घरात शिरतात, ही समजूत युरोप-अमेरिकेतही रुळलेली आहे आणि तिथेही ती खरी नाही. घरात राहणारे कोळी बहुतांशी घरातच जन्मलेले आणि घरातच वाढलेले असतात. घरातली कोरडी हवा, पाण्याची टंचाई आणि बेताचे खाद्य यांना त्यांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या सरावलेल्या आहेत. बागेतला कोळी उचलून घरात आणला तर तो सहसा तग धरत नाही, आणि घरातला कोळी दया येऊन अंगणात सोडला तर त्याचेही फार बरे होत नाही.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सप्टेंबर-ऑक्टोबरात हॉलच्या गालिच्यावरून धावणारा मोठा तपकिरी कोळी ओळखीचा असेल. तो एराटिजेना या प्रजातीचा वयात आलेला नर असतो. वर्षभर तो त्याच घराच्या एखाद्या फटीत राहिलेला असतो आणि आता मादीच्या शोधात बाहेर पडलेला असतो. थंडीच्या तोंडावर त्याची भटकंती सुरू होते, त्यामुळे तो थंडीने आत आला असे वाटते.

महाराष्ट्रात हिशोब थोडा वेगळा आहे. जून ते ऑक्टोबर हा इथे किड्यांचा सुकाळ. त्या खाद्यावर वाढलेली कोळ्यांची पिढी आश्विन-कार्तिकात आकाराने डोळ्यांत भरण्याइतकी होते. त्याच सुमारास दिवाळीची साफसफाई निघते. माळे उपसले जातात, तसबिरी भिंतीवरून उतरतात, कपाटे सरकवली जातात आणि त्यांच्यामागे वर्षभर सुखाने नांदलेले कोळी उघड्यावर येतात. भिंतीला ताजा रंग दिलेला असेल तर त्यावर राखाडी ठिपकाही लपत नाही. शिवाय दिवस लहान झालेला असतो आणि दिवे लवकर लागतात. म्हणजे कोळ्यांच्या जागे होण्याची वेळ आणि माणसांच्या घरात असण्याची वेळ एक होते. कोळी पाहायला शिकायचे असेल तर दिवाळी ते महाशिवरात्र यासारखा दुसरा काळ नाही.

थंडीचा कोळ्याच्या शरीरावर परिणाम होतो, हे मात्र खरे. कोळ्याला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. आसपासची हवा गार झाली की त्याच्या सगळ्या हालचाली संथ होतात. त्याच्या पायांची रचनाही वेगळी आहे. पाय आत ओढून घेण्यासाठी स्नायू असतात, पण पायाच्या दोन मुख्य सांध्यांत तो ताठ करणारा स्नायूच नसतो. शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलून कोळी पाय लांबवतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी गोळा झालेले दिसतात ते हा दाब संपल्यामुळे. पुण्या-नाशिकात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा भिंतीवरचा कोळी हात जवळ नेला तरी पटकन हलत नाही. तो मेलेला किंवा आजारी नसतो, ऊन वर येण्याची वाट पाहत असतो. मुंबई-कोकणात एवढा गारठा नसल्याने तिथले कोळी थंडीभर जवळजवळ नेहमीच्या वेगाने वावरतात. थंडीत किडे कमी झाले म्हणून उपासमारीचाही प्रश्न येत नाही. कोळ्याला जगायला फार कमी ऊर्जा लागते आणि पुष्कळ जाती कित्येक आठवडे अन्नाशिवाय काढू शकतात.

घरातला शोध छताच्या कोपऱ्यापासून सुरू करणे सोपे. तिथे विस्कळीत, गचाळ वाटणाऱ्या जाळ्यात उलटा लटकलेला, सुतासारख्या पायांचा कोळी महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत असतो. त्याचे शास्त्रीय नाव क्रॉसोप्रायझा लायोनी. ब्लॅकवॉल या इंग्रज अभ्यासकाने १८६७ साली त्याचे वर्णन केले. पोट राखाडी, मागच्या बाजूला चौकोनी आणि वर किंचित उंचावलेले असते. पायांवर बारीक काळपट ठिपके आणि गुडघ्यांशी पांढरट कडी असतात. याला ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे त्याची घाबरण्याची रीत. जाळ्याला काडी लावली की तो पळून जात नाही, जागच्या जागी अंग इतक्या वेगाने गरगरा फिरवतो की डोळ्यांना नुसता धूसर भास उरतो. शत्रूला नेमका कोळी कुठे आहे हे कळू नये, यासाठीची ही युक्ती.

या कोळ्याची मादी थंडीत हमखास पाहावी. तिने अंडी घातलेली असतील तर तोंडापाशी फिकट गोळा दिसतो. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग लावले की त्या गोळ्यातली वीस-तीस अंडी एकेक मोजता येतात, कारण मादी त्यांच्याभोवती रेशमाचे अगदी मोजके धागे गुंडाळते. पिल्ले बाहेर येईपर्यंत हा गोळा ती जबड्यात धरून ठेवते. गार दिवसांत अंडी उबायला जास्त वेळ लागतो, म्हणून ही मादी एकाच कोपऱ्यात दिवसेंदिवस तशीच दिसत राहते. पिल्ले निघाल्यावर काही दिवस आईच्या जाळ्यातच, तिच्याभोवती, जेमतेम दिसणाऱ्या ठिपक्यांच्या रूपात लटकलेली असतात. झाडूच्या एका फटक्यात हे सगळे जाते. तो कोळी डास खातो हे लक्षात घेतले तर हा फटका घरालाच महागात पडतो. डास जाळ्यात अडकला की कोळी मागच्या पायांनी त्याच्यावर दुरूनच धागे फेकतो, पुरता गुंडाळतो आणि मगच चावतो. लांब पायांचा उपयोग इथे होतो. भक्ष्य कितीही धडपडले तरी कोळ्याच्या अंगाला लागत नाही. याच पद्धतीने तो दुसऱ्या जातींच्या कोळ्यांनाही मारतो.

छताऐवजी जाळे जमिनीलगत, टेबलाखाली, जिन्याच्या पायऱ्यांमागे किंवा खिडकीच्या खालच्या कोनात असेल तर मालक बहुधा दुसरा असतो. पोट वाटाण्यासारखे गोल, रंग मातकट आणि जाळ्यातून जमिनीकडे ताणलेले सरळ धागे. या धाग्यांची फक्त खालची टोके चिकट असतात. चालत जाणारी मुंगी किंवा झुरळाचे पिल्लू त्याला लागले की धागा जमिनीपासून सुटतो आणि भक्ष्य वर खेचले जाते. जाळ्यात तपकिरी, कागदी दिसणाऱ्या अंड्यांच्या पिशव्या लटकलेल्या असतात. जगभर पसरलेला पॅरास्टिआटोडा टेपिडेरिओरम हा अशी जाळी विणणाऱ्यांतला सर्वांत परिचित घरकोळी.

यानंतरची पाहणी रात्रीची. स्वयंपाकघरातला दिवा मालवून तासाभराने हलकेच लावला की ओट्यामागच्या भिंतीवर कधी कधी तळहाताएवढा चपटा कोळी दिसतो आणि घरात आरडाओरडा होतो. हा हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. पायांसकट त्याचा पसारा ७ ते १२ सेंटिमीटर भरतो. पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, त्यामुळे त्याला आडवेही सहज धावता येते. तो जाळे विणत नाही. त्याचे मुख्य खाद्य झुरळे, आणि घरातल्या प्राण्यांत झुरळांचा त्याच्याइतका तयारीचा शिकारी दुसरा क्वचितच. दिवसा तो तसबिरीमागे, कॅलेंडरखाली, गॅस सिलिंडरच्या आडोशाला किंवा दाराच्या चौकटीच्या फटीत बसतो, आणि शरीर इतके चपटे असते की अर्ध्या बोटाची फट त्याला पुरते. मादीच्या अंगाखाली पांढरी, चपटी, गोल उशी धरलेली दिसली तर ती शंभराहून अधिक अंड्यांची पिशवी असते. अशी मादी हुसकावू नये. तिला आहे तिथे सोडून दिवा बंद करणे, एवढेच पुरे. एरवी माणसापासून पळून जाण्यापलीकडे तिला काही नको असते.

रात्रीच्याच फेरीत, पुस्तकांच्या कपाटात किंवा जुन्या कागदांत, अगदी सावकाश चालणारा पिवळसर, काळ्या नक्षीचा छोटा कोळी भेटू शकतो. शिरोवक्ष, म्हणजे शरीराचा पुढचा भाग, घुमटासारखा फुगलेला आणि डोळे आठऐवजी सहा. हा थुंकणारा कोळी, स्कायटोड्स. फुगलेल्या भागात मोठ्या ग्रंथी असतात. भक्ष्य दोनएक सेंटिमीटरवर आले की तो त्यातला चिकट द्रव दोन्ही दातांतून नागमोडी फवारतो आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी किडा जमिनीला खिळतो. इतक्या संथ प्राण्याजवळ इतके वेगवान हत्यार असावे, हे घरातल्या निसर्गाचे मोठे नवल आहे.

दिवसा पाहायचे कोळी वेगळे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीत ऊन आले की चौकटीवर उड्या मारणारे कोळी येऊन बसतात. भिंतीवर दिसणारा राखाडी, चपटसर मेनेमेरस बायव्हिटॅटस आणि अंगाने जाड, साधारण एक सेंटिमीटरचा प्लेक्सिपस पेकुली हे त्यांतले नेहमीचे. प्लेक्सिपसचा नर काळा असून त्याच्या पाठीच्या मधोमध पांढरा पट्टा असतो. मादी तपकिरी असते. थंडीत रात्रभर हे कोळी खिडकीच्या खाचेत किंवा पडद्याच्या चुणीत विणलेल्या पांढऱ्या रेशमी पिशवीत झोपतात. ऊन अंगावर पडल्यावर बाहेर येतात आणि बराच वेळ नुसते बसून राहतात. पाहणाऱ्याला एवढी संधी वर्षात दुसऱ्या वेळी मिळत नाही. उन्हाळ्यात हाच कोळी क्षणभर थांबत नाही.

त्याच्यासमोर बोट हलवले की तो वळून थेट बोटाकडे पाहतो. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे पुढे रोखलेले. भिंग जवळ नेऊन पाहिले तर त्या डोळ्यांचा रंग मधेच काळा, मधेच तपकिरी होताना दिसतो. डोळ्याचे भिंग जागेवर स्थिर असते, आतला दृष्टिपटल मात्र नळीसकट हलतो, त्यामुळे हा बदल होतो. बाजूचे डोळे हालचाल टिपतात, समोरचे डोळे ती वस्तू काय आहे ते ठरवतात. माशी पाच-सहा सेंटिमीटरवर बसली की तो आधी भिंतीला एक धागा चिकटवतो आणि मगच झेप घेतो. नेम चुकला तर त्याच धाग्यावर लटकून परत चढतो. काच असो की गुळगुळीत फरशी, पायांच्या टोकांवरच्या सूक्ष्म केसांमुळे तो कुठेही चालू शकतो. हे केस सगळ्याच कोळ्यांना नसतात. मोरीत, बादलीत किंवा सिंकमध्ये सकाळी अडकलेला कोळी नळीतून वर आला असे पुष्कळांना वाटते. तो वरूनच पडलेला असतो आणि गुळगुळीत बाजूंवरून त्याला चढता येत नसते. सिंकच्या कडेवरून आत सोडलेला एखादा फडका त्याला पुरतो.

भिंतीच्याच उंचवट्यांवर, विशेषतः खरखरीत गिलाव्याच्या बाहेरच्या भिंतीवर, रुपयाच्या नाण्याएवढी धुळकट पांढरी चांदणी दिसते. ती सहसा कोणी पाहत नाही. ते ओकोबियसचे घर. कोळी स्वतः दोन-तीन मिलिमीटरचा. मुंगी जवळून गेली की तो बाहेर येऊन तिच्याभोवती गोल गोल धावतो आणि धावता धावता तिला रेशमाने भिंतीला जखडून टाकतो.

घराबाहेरचे निरीक्षण पहाटेच करावे, आणि त्यासाठी थंडीच हवी. एरवी दिसत नाहीत ती जाळी दव पडल्यावर लख्ख दिसतात. हिरवळीवर, बांधाच्या गवतावर, बंगल्याच्या कुंपणाशी पांढऱ्या चादरी पसरलेल्या असतात आणि प्रत्येक चादरीच्या एका कडेला नरसाळ्यासारखे भोक असते. ही हिप्पासा या लांडग्या कोळ्याच्या गटातल्या कोळ्याची जाळी. भोकाच्या तोंडाशी तो पाय पुढे काढून बसलेला असतो आणि पावलाच्या कंपाने आत नाहीसा होतो. हरभऱ्याची आंब गोळा करायला उजाडण्यापूर्वी शेतात जाणाऱ्यांना ही जाळी आणि पिकांच्या शेंड्यांवरून तरंगणारे लांब सुटे धागे दोन्ही परिचित आहेत. ते सुटे धागे कोळ्यांच्या पिल्लांचे असतात. पिल्लू उंच टोकावर चढते, पोट वर करून धागा हवेत सोडते आणि त्या धाग्याबरोबर उडून जाते. ब्रिस्टल विद्यापीठात २०१८ साली झालेल्या प्रयोगांनी दाखवले की वाऱ्याबरोबरच हवेतले विद्युतक्षेत्रही या उड्डाणाला चालना देते. गच्चीवरच्या कुंडीत आलेला नवा कोळी बऱ्याचदा असाच आलेला असतो.

हुरड्याच्या निमित्ताने शेतावर रात्र काढणाऱ्यांसाठी एक सोपा प्रयोग आहे. विजेरी कानशिलापाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून जमिनीवर उजेड टाकायचा. गवतात हिरवट-निळे ठिणगीसारखे ठिपके चमकू लागतात. ते लांडग्या कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो. विजेरी कमरेशी धरली तर मात्र काहीच दिसत नाही.

कोकणात आणि गोव्यात वाडीतल्या नारळी-पोफळींमधून मोठाली सोनेरी जाळी पावसाळ्याच्या अखेरीपासून दिसतात. ती नेफिला पिलिपिसची. मादीचे शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर लांब आणि नर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. मादी जमिनीत खड्डा करून अंडी पुरते, आणि थंडी सरत येते तशा माद्या दिसेनाशा होतात. अंगणातल्या दिव्याजवळ निओस्कोना कोळी संध्याकाळी चक्राकार जाळे विणतो आणि पहाटे ते खाऊन टाकतो. देशावर, कोरड्या भागात, बाभळी-बोरींवर आणि कुंपणाच्या तारांवर राखाडी चिंधीसारखे गुंते दिसतात. ती स्टेगोडायफस सारासिनोरम या समूहाने राहणाऱ्या कोळ्यांची वसाहत. त्यांची पिल्ले वाढताना शेवटी आईलाच खातात.

कोळी स्वतः दिसला नाही तरी त्याच्या खुणा दिसतात. जाळ्याखालच्या भिंतीवर पांढरे-काळे वाळके थेंब असतात ती त्याची विष्ठा. कोपऱ्यात लटकलेला पारदर्शक, पोकळ, आठही पाय शाबूत असलेला ‘मेलेला कोळी’ ही टाकलेली कात असते. स्विचबोर्डाशेजारी किंवा खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीने बांधलेली मातीची बंद घरटी फोडली तर आत बधिर केलेले छोटे कोळी दाटीने भरलेले सापडतात. ते माशीच्या अळीचे अन्न. परिसरात कोणते कोळी आहेत याची आयती यादीच त्यात असते, तरी ताजी घरटी फोडू नयेत.

भीतीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. वर आलेल्या कोळ्यांपैकी एकही माणसाला जीवघेणा नाही. बहुतेकांचे दात माणसाच्या कातडीत शिरतही नाहीत. मोठा हेटेरोपोडा हातात दाबला गेला तर चावतो, थोडा वेळ दुखते आणि सुजते. लांब पायांचा कोळी सर्वांत विषारी असतो, फक्त त्याचे दात आखूड, ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट निराधार आहे. ‘कातीण मुतली’ म्हणून गावोगाव ज्या फोडांवर घरगुती उपाय होतात, त्यांच्याशीही कोळ्याचा संबंध नाही. रात्री दिव्याकडे येणारा पेडेरस नावाचा, नारिंगी-काळा, एक सेंटिमीटरहून लहान, सडपातळ भुंगेरा मानेवर किंवा गालावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातल्या रसाने एक-दोन दिवसांत कातडी भाजल्यासारखी होऊन रेघेत फोड येतात. कधी कधी ती नागीण असते, आणि मग उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे. कोळ्यावर खापर फोडण्यात हा वेळ वाया जातो. असे फोड आले, जखम पसरू लागली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडेच जावे.

साफसफाईचे काय करायचे? धूळ बसून काळी पडलेली, मालक नसलेली जळमटे खुशाल काढावीत. ती कोणाच्याही उपयोगाची नसतात. ज्या जाळ्यात कोळी बसलेला आहे, विशेषतः अंडी धरलेली मादी आहे, ते एखाद्या अडगळीच्या कोपऱ्यात राहू द्यावे. फवारणी टाळावी, कारण तिच्यामुळे डास-झुरळांपाठोपाठ त्यांचे शिकारीही मरतात आणि डास-झुरळे आधी परत येतात. कोळी हलवायचाच असेल तर त्याच्यावर पेला उपडा ठेवावा, खालून जाड कागद सरकवावा आणि थंडीत त्याला उघड्या अंगणाऐवजी जिन्याखाली, गॅरेजमध्ये किंवा गोठ्यात सोडावे.

या अभ्यासाची महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे. पोकॉक यांचा भारतीय कोळ्यांवरचा ग्रंथ १९०० साली आला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रात काम केलेले बी. के. टिकादर यांनी १९६०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या कोळ्यांवर सातत्याने लिहिले आणि त्यांचे भारतीय कोळ्यांवरील हँडबुक १९८७ साली प्रसिद्ध झाले. तरीही काम संपलेले नाही. ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात २०२१ साली नोंदवली गेली आणि मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यात कसाबला जिवंत पकडून देताना हुतात्मा झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला आयसियस तुकारामी हे नाव देण्यात आले. एवढ्या दाट वस्तीच्या भागात नवी जात सापडते, तर घराघरांतल्या नोंदींनाही मोल आहे. वाचकांनी या थंडीत घरातल्या एका तरी कोळ्याची अशी नोंद जरूर करावी. वरून, समोरून आणि जमल्यास पोटाकडून अशी तीन छायाचित्रे काढावीत, तारीख, ठिकाण आणि जाळ्याचे वर्णन लिहावे आणि ते आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकावे. तिथले जाणकार ओळख पटवायला मदत करतात.